बार्शीचा पंच ठाण्याच्या मैदानात

बार्शीहून लोक ठाण्या-डोंबिवलीला जातात ते बहुतेक कामासाठी. कोणाचं लग्न असतं, कोणाचं ऑपरेशन असतं, कोणाचा मुलगा तिकडे नोकरीला लागलेला असतो. चार दिवस राहून आले की "गर्दी फार बाबा" एवढंच सांगतात आणि विषय मिटतो. मीही आजवर तेच सांगत आलो. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मात्र मी तिकडे जाऊन चक्क खेळून आलो. शिक्षकांच्या खोलीत रोज कोणीतरी विचारतं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतो.

मी शाळेत खेळाचा शिक्षक. कबड्डीचा पंच म्हणून जिल्ह्यातली बरीच मैदानं पायाखालून गेली. माझी मुलगी प्रज्ञा माझ्या डोळ्यांसमोर तयार झालेली चढाईपटू. राज्याच्या संघासाठी तिचं नाव पुढे आलं आणि त्याच हंगामात एका सामन्यात तिच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, कुबड्या झाल्या. तिची आई, शोभा, दवाखान्यातच म्हणाली, "आता खेळ नाही. पोरगी धड चालली तरी पुष्कळ." खेळ सुटला. प्रज्ञाने शिक्षण संपवलं, तिला ठाण्यात एका कंपनीत नोकरी लागली आणि ती डोंबिवलीत तन्वी नावाच्या मैत्रिणीबरोबर भाड्याने राहू लागली. फोनवर हल्ली म्हणायची, "शनिवारी माझा गेम असतो." आम्हाला वाटायचं, मोबाइलवरचा असेल. निघताना शोभाने मला बजावलं, "जेवते का बघा, गुडघा दुखतो का बघा, आणि हा गेम काय प्रकार आहे तोही बघून या."

डोंबिवली

प्रज्ञाचं घर चौथ्या मजल्यावर. दार उघडलं तर समोर जेवणाचं टेबल, आणि त्यावर जेवणाऐवजी सैन्य. अंगठ्याएवढे योद्धे, जादूगार, डुकराच्या तोंडाचे राक्षस. तन्वी डोळ्यांना भिंग लावून एका राक्षसाच्या पट्ट्याचं बक्कल रंगवत होती. ब्रशला मोजून दोन केस असावेत.

"या काका, बसा. एक मिनिट हां, श्वास धरलाय," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही. मला राग आला नाही. चढाईपटू रेषेवर उभा असताना मीही कोणाकडे बघत नाही.

बक्कल झाल्यावर तिने एकेक योद्धा माझ्या तळहातावर ठेवला. एकाच्या ढालीवर वेल होता, वेलावर फुलं होती, आणि फुलांमध्ये पिवळा ठिपकासुद्धा दिला होता. मी म्हटलं, "हे बघणार कोण?" तन्वी म्हणाली, "तुम्ही बघितलंत ना आत्ता." ती दिवसभर एका दवाखान्यात दातांच्या कवळ्या बनवते. संध्याकाळी घरी येऊन ही बारकी माणसं रंगवते.

याच टेबलावर माझी पहिली फजिती झाली. प्रज्ञाने चहा आणला, मी कप टेबलावर ठेवला, आणि बोलता बोलता शेजारचा कप उचलून मोठा घोट घेतला. तो ब्रश धुवायचा कप होता. तन्वी किंचाळली, मग दोघी पोरी हसून हसून खाली बसल्या. "काका, विषारी नाहीये, पण तुमची जीभ बघा आरशात," तन्वी म्हणाली. जीभ निळी झाली होती. "टेन्शन घेऊ नका. मीपण एकदा प्यायलेले. या छंदात सगळेच एकदा पितात."

'प्यायलेले' हा तिकडचा खास शब्दप्रकार. आपण 'गेलो होतो' म्हणतो, ते 'गेलेलो' म्हणतात. दुसऱ्या दिवसापर्यंत मीही म्हणायला लागलो.

रात्रीच्या जेवणाला भावेश आला. हा त्यांचा खेळगडी. त्याचं घर डोंबिवलीजवळच्या एका जुन्या आगरी गावात आहे. ते गाव आता चारी बाजूंनी टॉवरांच्या मध्ये अडकलंय, पण चुली अजून तिथल्याच. त्याने डबा पुढे केला. "आयनी दिलंय काका, तुमच्यासाठी. तांदलाची भाकरी हाय, सुकट हाय. तिखट चालंल ना?" मी मनात म्हटलं, बार्शीच्या माणसाला हा तिखटाचं विचारतोय. पहिल्या घासाला माझे कान गरम झाले. ज्वारीच्या भाकरीत जी चव असते ती तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र, मऊ भाकरीत कुठून येणार, असं मला वाटायचं. वाळवलेल्या मासळीबरोबर खाल्ली आणि मी चौथी मागून घेतली.

जेवण झाल्यावर त्यांनी एक पट मांडला. बेटं, बंदरं, लाकूड, मेंढ्या, विटा. ज्याच्याकडे जे नाही ते दुसऱ्याकडून मागायचं आणि गावं वसवायची. मला नियम कळेनात. तेव्हा भावेश म्हणाला, "काका, पहिला डाव खोटा. तो धरायचाच नाय. चुका करा बिनधास्त." मला हे फार आवडलं. आमच्याकडे नवीन पोरगं मैदानावर आलं की पहिल्याच दिवशी त्याला आडवं करतात, म्हणजे त्याला खेळ कळतो. इथे तिघं जण आपला डाव थांबवून माझ्या हातातली पत्त्यांची पानं मला वाचून दाखवत होते. खऱ्या डावातही मी शेवटचाच आलो. पण माझ्या मेंढ्या सगळ्यांना हव्या होत्या, त्यामुळे मान होता.

कल्याण

शनिवारी दुपारी प्रज्ञाचा तो गेम बघायला मिळाला. कल्याणला काळ्या तलावाजवळ मुग्धाताई राहतात. साठी ओलांडलेल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, नाकावर चष्मा, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्य लिहून घ्यावं. आधी त्यांनी दडपे पोहे दिले. मग दिवाणखान्यातले दिवे लावले, पडदे ओढले आणि खुर्चीत ताठ बसून म्हणाल्या, "मंडळी, गेल्या खेपेला आपण कल्याणच्या बंदरात होतो. गलबतात कापडाचे गठ्ठे चढले आहेत. वारा पडला आहे. आणि खाडीच्या तोंडाशी एक अनोळखी दिवा हलतो आहे."

बस्स. एवढंच. पट नाही, पत्ते नाहीत. मधोमध एक वीस बाजूंचा फासा. मुग्धाताई गोष्ट सांगतात, आणि बाकीचे गोष्टीतली माणसं होऊन "मी आता असं करतो" म्हणतात. जमलं की नाही ते फासा ठरवतो. आकडा मोठा आला तर जमलं. भावेश गोष्टीत वैद्य होता. तन्वी चोर होती आणि तिचा चोर तिने स्वतः रंगवून टेबलावर उभा केला होता. प्रज्ञा होती रेवा. रेवा म्हणजे गलबताची तांडेल, सगळ्या खलाशांवर हुकूम चालवणारी.

"आपण नुसते बसून राहू नका," मुग्धाताई मला म्हणाल्या. "किल्ल्याच्या दरवाजावर पहारेकरी नाही. आपण व्हाल का?"

मी झालो. तन्वीचा चोर आत जायला बघत होता. त्याने मला लाच देऊ केली, गोड बोलून पाहिलं, आई आजारी असल्याचं सांगितलं. मी पंच माणूस, दरवाजा उघडलाच नाही. शेवटी चोर भिंतीवरून चढून गेला. मुग्धाताई म्हणाल्या, "इतका खमका पहारेकरी या बंदराला पहिल्यांदाच मिळाला." सांगायला संकोच वाटतो, पण मला त्या शाबासकीचा खरोखर आनंद झाला. मोठी माणसं भरदुपारी पडदे ओढून गोष्टी रचतात हे ऐकलं असतं तर मी हसलो असतो. तिथे बसल्यावर कळलं की सगळे एकमेकांचं किती लक्ष देऊन ऐकतात. कोणी कोणाचं वाक्य तोडत नाही. चोराने घाण केली तर वैद्य निस्तरतो. इतक्या एकजुटीचा संघ मला शाळेत कधी बांधता आला नाही.

मग गलबताला आग लागली. चाचे आले होते. रेवाच्या पायाखालची फळी पेटली.

"दुसरं गलबत किती लांब आहे?" प्रज्ञाने विचारलं.

"लांब आहे. डोलकाठीवरून उडी घेतली तर कदाचित पोचशील. कदाचित," मुग्धाताई म्हणाल्या.

प्रज्ञाने फासा उचलला. "रेवा उडी मारते."

"नको!" मी ओरडलो. "गुडघा आहे तुझा!"

भावेश हसायला लागला आणि मग एकदम गप्प झाला. माझे कान तापले. मुग्धाताईंनी चष्मा काढला, पुसला आणि शांतपणे म्हणाल्या, "गुडघा प्रज्ञाचा आहे, पहारेकरी. उडी रेवा मारते आहे."

प्रज्ञाने माझ्याकडे बघितलं आणि फासा टाकला. आकडा लहान आला. रेवा पाण्यात पडली. पण ती पोहत काठाला लागली, आणि पुढचा सगळा वेळ ओल्या कपड्यांनी हुकूम सोडत राहिली.

संध्याकाळी आम्ही बापलेक काळ्या तलावाच्या काठाला बसलो. लोक फेऱ्या मारत होते. प्रज्ञाने दोन भेळी आणल्या, माझी जास्त तिखट. थोडा वेळ ती नुसती कुरमुरे वेचत बसली.

"पप्पा, एक सांगू? उद्या सकाळी मी ठाण्याला खेळायला जाणार आहे. खरं खेळायला. पळायचं, उड्या मारायच्या."

"काय खेळायला?"

"फ्रिस्बी. अल्टिमेट म्हणतात त्याला."

समुद्रावर लोक कुत्र्याला प्लास्टिकची ताटली फेकतात, तेवढंच मला माहीत होतं. मी तसं बोललो. ती हसली नाही. तिने सांगितलं की गुडघ्याचे व्यायाम ती न चुकता करत आलीय, डॉक्टरांना दाखवून त्यांची परवानगी घेतलीय, आणि पावसाळा संपल्यापासून दर रविवारी खेळतेय.

"आईला?"

"नाही सांगितलं."

"आणि मला?"

"आई रडेल, पप्पा. तुम्ही रडणार नाही, पण बोलणारच नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटते."

मी काही बोललो नाही. ती म्हणाली तसंच झालं. तलावात एक बदक आडवं पोहत गेलं, ते पार पलीकडे पोचेपर्यंत मी बघत राहिलो. मग म्हटलं, "मैदान किती वाजता असतं?"

ठाणे

माजिवड्याच्या पुढे, हायवेच्या आवाजापासून जरा आत ते मैदान आहे. लाल माती, मध्ये मध्ये गवत, एका बाजूला इमारती आणि दुसऱ्या बाजूला येऊरचा डोंगर. सकाळी डोंगरावर धुकं होतं. मुलं-मुली पायमोजे चढवत होती. कोणी बँकेतली, कोणी कॉलेजातली, एक जण तर कळव्याहून सायकलवर आलेला. सगळे प्रज्ञाला 'पीजी' म्हणत होते. एवढी वर्षं ज्या मुलीला मी नावाने हाक मारली तिचं इथे वेगळंच नाव होतं.

खेळ असा. दोन्हीकडे सात-सात जण, मुलं-मुली एकाच संघात. चकती हातात असेल त्याने पळायचं नाही, फक्त दुसऱ्याला द्यायची. जमिनीला लागली की ती समोरच्या संघाची. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात कोणी झेलली की गुण. अंगाला अंग लावायचं नाही. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पंच कोण?"

"पंच नसतो काका," भावेश म्हणाला. तोही इथे खेळायचा.

"मग फाऊल कोण देतं?"

"ज्याला लागला तो सांगतो. समोरच्याला पटला तर पटला."

"आणि नाही पटला तर?"

"तर चकती मागे. पुन्हा टाकायची. भांडायला टाइम कोनाला हाय?"

मला वाटलं, हे फार दिवस चालायचं नाही. आमच्याकडे दोन-दोन पंच उभे असतात, तरी सामना संपल्यावर पोलीस बोलवावे लागतात.

त्या दिवशी एक खेळाडू आला नव्हता. भावेशच्या संघात सहाच जण. "काका, येता का? तुमी फिट दिसता." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द आला तो, "बूट बरे आहेत का हे?"

प्रज्ञा समोरच्या संघात होती. तिने काहीच म्हटलं नाही, फक्त केस घट्ट बांधले.

पहिले काही फेरे मी नुसता धावलो. चकती माझ्याकडे आली की ती वाकडी व्हायची, वाऱ्यावर चढायची आणि शेवटी माझ्या डोक्यामागे पडायची. एकदा छातीवर आदळली. पण प्रत्येक वेळी दोन्ही संघांतून आवाज यायचा, "सही काका! जवळ होतं!" समोरच्या संघातल्या एका मुलीने मधेच थांबून मला दोन्ही तळहातांत चकती दाबून कशी झेलायची ते दाखवलं. तिच्याच पुढच्या फेकीच्या आड येऊन मी ती झेलली. तीच सगळ्यात मोठ्याने ओरडली. असं काही मी मैदानावर कधी बघितलं नव्हतं.

आणि प्रज्ञा धावत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो, पण डोळे तिकडेच जात होते. ती पहिल्यासारखी धावत नव्हती. वळण्याआधी तिची पावलं बारीक व्हायची, गुडघा सांभाळून, मोजून. तो सावधपणा तिने नवा शिकला होता, आणि मला तो नीट कळत होता.

शेवटच्या गुणाला दोन्ही संघ बरोबरीत होते. भावेश मला म्हणाला, "काका, मागं थांबा. शेवटचा मानूस तुमी." त्यांच्याकडून एक लांब फेक आली. चकती उंच, डोंगराच्या बाजूने वळत. तिच्याखाली प्रज्ञा, आणि प्रज्ञाजवळ मी. ती झेपावणार हे मला तिच्या खांद्यावरून कळलं. उजव्या पायावर जोर देऊन, पूर्ण उंच. आणि त्याच पायावर ती खाली येणार.

मी तिचा दंड धरला.

चकती आमच्यापुढे मातीत पडली. प्रज्ञा माझ्याकडे वळली. तिचा चेहरा लाल झाला होता. "फाऊल," ती म्हणाली.

सगळे थांबले. कोणी धावत आलं नाही, कोणी बाजू घेतली नाही. तेरा जण माझ्या तोंडाकडे बघत होते. भावेश हळूच म्हणाला, "काका, तुमाला पटला का ते सांगा." इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे फाऊल दिले. स्वतःचा देणं किती जड जातं, हे मला त्या सकाळी समजलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "मी धरलं तिला."

चकती प्रज्ञाच्या हातात दिली. खेळ सुरू झाला. तिने ती मागे दिली आणि पट्ट्याकडे पळाली. मी तिच्याबरोबर पळालो, हात अंगाशी घट्ट धरून. पुन्हा तशीच फेक आली. या वेळी मी मुद्दाम मागे राहिलो असं कोणाला वाटू नये. मी माझ्या ताकदीने उडी मारली. ती माझ्यापेक्षा वीतभर वर गेली. चकती तिच्या हातात बसली आणि ती उजव्या पायावर उतरली, तोल गेला, गुडघ्यावर आणि कोपरावर लाल मातीत घसरत गेली. तिने आधी चकती वर केली. मग स्वतः उठली.

तिचा संघ तिच्यावर तुटून पडला. मी कमरेवर हात ठेवून उभा होतो आणि मला काही दिसत नव्हतं. घाम असेल.

खेळ संपल्यावर त्यांची एक रीत आहे. दोन्ही संघ मिसळून, खांद्यावर हात टाकून गोल बसतात, आणि समोरच्या संघातल्या कोणाचं काय आवडलं ते सांगतात. हरलेलेसुद्धा. कळव्याच्या मुलाने माझं नाव घेतलं. म्हणाला, "काकांचा पहिला दिवस, आणि इतक्या मोठ्या पॉइंटला फाऊल मान्य केला. रिस्पेक्ट." टाळ्या झाल्या. मला खाली मातीत बघावंसं वाटलं.

मग माझी पाळी आली. प्रज्ञा माझ्यासमोर बसली होती, कोपर फुंकत. सांगायला तिची चढाई होती, कुबड्या होत्या, आणि शोभा एका बाकावर आणि मी दुसऱ्या बाकावर बसलो होतो तो दवाखान्याचा व्हरांडा होता. मी म्हटलं, "ती जी शेवटची चकती झेलणारी मुलगी होती ना, ती पडल्यावर लगेच उठली. ते मला आवडलं."

प्रज्ञाने मान खाली घातली. भावेशने माझ्या पाठीवर थाप मारली, जरा जास्तच जोरात.

मैदानाच्या कडेला एका टपरीवर आम्ही चहा घेतला. मी फोन काढला आणि शोभाला व्हिडिओ कॉल लावला. प्रज्ञा "पप्पा, नको ना, आत्ता नको" म्हणेपर्यंत पलीकडे शोभा दिसायला लागली, हातात कोथिंबिरीची जुडी. मी काही न सांगता फोन प्रज्ञाकडे वळवला.

शोभाने पोरीचा चेहरा बघितला, विस्कटलेले केस बघितले, बूट बघितले. "गुडघ्याला माती कसली गं ती?"

"पडले, आई." प्रज्ञाचा आवाज बारीक झाला. "खेळताना पडले. मी खेळते, आई. बरेच दिवस झाले. डॉक्टरांना विचारून खेळते."

पलीकडे काही हालचाल नाही. मला वाटलं, नेटवर्क गेलं. शोभाच्या हातातली जुडी तशीच होती. मी तिला समजवायला काहीतरी जुळवत होतो, तेवढ्यात ती पदराने डोळे पुसून फोनच्या जवळ आली.

"कोण जिंकलं?" तिने विचारलं.

"मी," प्रज्ञा म्हणाली. "पप्पा हरले."

"बरं झालं," शोभा म्हणाली.